बोकड पडला म्हणजे बेशुद्ध झाला असं नाही: लहान कत्तलखान्यातल्या स्टनिंगची पायरी-पायरीने माहिती

चिपळूणपासून खाली कुडाळ-सावंतवाडीपर्यंत लहान कत्तलखान्यांतल्या आणि मटणाच्या दुकानांतल्या पोरांना मी गेली काही वर्षं स्टनिंग, म्हणजे कापायच्या आधी जनावर बेशुद्ध करणं, शिकवतोय आणि दर वेळी तीच चूक बघतोय. बोकड जमिनीवर पडला की सगळ्यांना वाटतं काम झालं. मग एक जण साखळी आणायला जातो, दुसरा फोन उचलतो, आणि तेवढ्यात त्या जनावराचा श्वास परत चालू झालेला असतो. किंवा बरोबर उलटं, व्यवस्थित बेशुद्ध झालेला बोकड पाय झाडतोय म्हणून घाबरून त्याला परत परत करंटचा चिमटा लावत बसतात. दोन्हीकडे चूक एकच आहे, आपण पाय बघतोय. बघायची असते बरगडी आणि डोळा. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं जातं, म्हणून पूर्ण क्रम लिहून काढतोय, तयारीपासून रजिस्टरपर्यंत.

हे कोणासाठी, आणि नियमात काय आहे

मुख्यतः शेळी, बोकड, मेंढी यांच्यासाठी. शेवटी कोंबडीचं थोडक्यात आहे. गाय-बैल-वळू यांची कत्तल महाराष्ट्रात बंद आहे, आणि म्हशी-रेड्यांची कवटी, साधनं, ताकद सगळंच वेगळं, त्यामुळे ते इथे घेतलेलं नाही. इथले आकडे म्हशीला लावू नका.

कत्तलखान्यांचे २००१ चे नियम आहेत त्यातल्या एवढ्या गोष्टी पाठच असू देत: परवाना असलेल्या कत्तलखान्यातच कापायचं, गाभण जनावर चालत नाही, ३ महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी चालत नाही, स्वतः ३ महिन्यांच्या आतलं करडू चालत नाही, पशुवैद्यकाने तपासून दाखला दिलेला असला पाहिजे, आणि एका जनावराला दुसऱ्याच्या नजरेसमोर कापायचं नाही. डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत असंही त्यात आहे. गटारीच्या आदल्या दिवशी एकाच डॉक्टरकडून दोनशे बोकडांचे दाखले मागणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

हलालचा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच आणि तो टाळण्यात अर्थ नाही. फक्त डोक्याला करंट दिला तर हृदय चालू राहतं, आणि सुरी लावलीच नाही तर ते जनावर थोड्या वेळाने उठून उभं राहतं, म्हणून काही उलेमा ही पद्धत मान्य करतात आणि काही करत नाहीत. धर्माने सांगितलेल्या पद्धतीने जनावर मारणं हा गुन्हा नाही असं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २८ मध्येच आहे. तेव्हा आधी तुमच्या गिऱ्हाइकांशी, जमातीशी मोकळेपणाने बोला. चोरून काही करू नका, विश्वास गेला की धंदा गेला. आणि स्टनिंग करणारच नसाल तरी टप्पा १, ३, ६, टप्पा २ मधला सुरीचा भाग आणि टप्पा ५ मधल्या डोळा-बरगडीच्या खुणा जशाच्या तशा तुम्हालाही लागू आहेत, उलट जास्तच.

टप्पा १: आदल्या दिवशी जनावर उतरवणं आणि विश्रांती

आपल्याकडे बरेचसे बोकड घाटावरून येतात, कुंभार्ली, आंबा नाहीतर आंबोली उतरून. वळणावळणाने टेम्पोत घसरत, एकमेकांवर आदळत आलेलं जनावर उतरल्या उतरल्या कापायला घेतलं तर त्याच्या अंगातली साखर ताणाने आधीच संपलेली असते, मग मटणात आम्लता नीट येत नाही, ते काळपट, चिकट पडतं आणि लवकर खराब होतं. गिऱ्हाईक म्हणतं "शिळं दिलंत". शिळं नसतं ते, थकलेल्या जनावराचं असतं.

१. उतरवायला उतार वापरा. टेम्पोच्या फाळक्यावरून उडी मारायला लावू नका. फळी ओली असेल तर तिच्यावर गोणपाट नाहीतर काथ्याची चटई टाका.

२. डॉक्टरची तपासणी झाली की नियमाप्रमाणे २४ तास विश्रांती. शेळी-मेंढीसारख्या लहान जनावराला प्रत्येकी १.६ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीत जेमतेम पाच, पंचवीस नाही.

३. पाणी शेवटपर्यंत समोर पाहिजे. चारा कापायच्या साधारण १२ तास आधी बंद करा. पाणी तोडायचं नाही, इथे खूप जण चुकतात.

४. पावसाळ्यात जनावर कोरडं करा. हे कोकणात सगळ्यात महत्त्वाचं. जनावराचं सगळं अंग भिजलेलं असेल तर करंट कवटीतून मेंदूत जायच्या ऐवजी ओल्या केसांवरूनच इकडून तिकडे निघून जातो. मीटरवर आकडा बरोबर दिसतो आणि बोकड शुद्धीवर असतो. वाड्यात भाताचा पेंढा टाका, वरून गळतंय का बघा, पोत्याने डोकं आणि मान तरी पुसून घ्या.

५. फरशी. कडप्पा किंवा गुळगुळीत टाईल्स असतील तर त्या खरवडून घ्या नाहीतर चटई टाका. जांभ्या चिऱ्याची जुनी जमीन घसरत नाही पण ती धुऊन स्वच्छ होत नाही, म्हणून ती फक्त विश्रांतीच्या वाड्यात ठीक, कापायच्या जागेत नको.

तपासा: संध्याकाळी एक चक्कर मारा. बहुतेक जनावरं बसून रवंथ करतायत का? करत असतील तर वाडा बरोबर आहे. सगळी उभी राहून ओरडत असतील तर काहीतरी चुकतंय, पाणी बघा, गर्दी बघा, कुत्री आजूबाजूला फिरतायत का बघा.

टप्पा २: सकाळी पहिलं जनावर आणायच्या आधी साधनं तपासणं

हा टप्पा घाईत सोडला जातो आणि पुढची निम्मी गडबड इथूनच सुरू होते.

*इलेक्ट्रिक चिमटा आणि मशीन.* शेळी-मेंढीला डोक्यातून कमीत कमी १ अँपियर करंट गेला पाहिजे, करडू-कोकरांना ०.७. त्यासाठी २०० ते ३०० व्होल्ट लागतात. मशीनवर अँपियरचं मीटर नसेल तर ते मशीन घेऊ नका, कारण बेशुद्ध करतो तो करंट, नुसता व्होल्टेजचा आकडा बघून काही कळत नाही. चिमट्याची टोकं रोज तारेच्या ब्रशने घासा. जळलेल्या केसांचा आणि चरबीचा काळा थर त्यावर बसतो, आणि समुद्राच्या हवेने गंज चढतो तो वेगळा. दोन्हींमुळे करंट अडतो. वायरीचे जोड, इन्सुलेशन, अर्थिंग बघा. मशीनबरोबर टेस्ट लोड (जनावराच्या जागी जोडून करंट तपासायचं साधन) येतो त्यावर एकदा चालवून अँपियर बघून घ्या.

सावधान: घरच्या बोर्डातून दोन वायरी काढून जुगाड चिमटा बनवणारे मी बघितलेत. त्यात करंट किती जातो ते कळत नाही, आयसोलेशन (मेन लाईनपासून करंट वेगळा ठेवणं) नसतं, आणि ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस जनावराच्या आधी जातो. असलं काही दिसलं तर ते काम तिथेच बंद करा. माणसाच्या पायात गमबूट, हातात रबरी ग्लोव्ह्ज, सप्लायच्या बाजूला ईएलसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), याशिवाय मशीन चालू करायचं नाही.

*बोल्ट पिस्तूल.* यातून गोळी सुटत नाही, काडतुसाच्या जोराने लोखंडी दांडा बाहेर येऊन कवटीवर आदळतो आणि परत आत जातो. वापरून झालं की त्याच दिवशी खोलून कार्बन पुसून तेल लावायचं. रबराच्या वॉशरी झिजल्या असतील तर दांडा पूर्ण आत जात नाही आणि पुढचा फटका अर्ध्या ताकदीचा बसतो. काडतुसं पावसाळ्यात दमट होतात. पापड-सांडगे ठेवतो तशी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, दुकानाच्या फळीवर उघडी ठेवू नका. काडतुसाच्या रंगावर विसंबू नका, एका कंपनीचा लाल म्हणजे दुसऱ्या कंपनीचा लाल नव्हे, पिस्तुलाबरोबरच्या पुस्तकात शेळीसाठी जे सांगितलंय तेच.

*सुरी.* दोन सुऱ्या, दोन्ही धार लावलेल्या, खाच नसलेल्या. दर काही जनावरांनंतर सळईवरून फिरवायची. कागदाची कड धरून वरून खाली ओढली तर न अडकता कापली पाहिजे. स्टनिंगशिवाय कापणाऱ्यांनी पातं मानेच्या रुंदीच्या दुप्पट तरी लांब घ्यावं, म्हणजे एका ओढीत काम होतं आणि टोक जखमेत टोचत नाही.

*जोडीचं दुसरं साधन.* चिमटा वापरत असाल तर शेजारी भरलेलं पिस्तूल हाताशी पाहिजे, पिस्तूल वापरत असाल तर दुसरं पिस्तूल किंवा चालू स्थितीतला चिमटा. आतल्या खोलीत कपाटात ठेवलेलं साधन नसल्यासारखंच आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट कधी जाईल सांगता येत नाही, नेमकं चिमटा लावलेला असताना गेली तर काय करायचं हे आधी ठरलेलं पाहिजे.

तपासा: टेस्ट लोडवर अँपियर बघितला? सुरीची धार बघितली? दुसरं साधन हात पोचेल तिथे आहे? तिन्हीला हो असेल तरच पहिला बोकड आणायचा.

टप्पा ३: आणणं आणि धरणं

शेळी कळपातलं जनावर आहे, एकटी पडली की घाबरते, ओरडते. आणि नियम सांगतो की दुसऱ्यासमोर कापायचं नाही. यातून वाट अशी काढायची: दोन-तीन जनावरं एकत्र पत्र्याच्या किंवा भिंतीच्या आडोशापर्यंत आणायची, आडोशाच्या पलीकडे एकच न्यायचं, आणि नेल्यापासून चिमटा लागेपर्यंत मिनिटसुद्धा जाता कामा नये. सगळी साधनं तयार असल्याशिवाय जनावर आडोशाच्या आत घ्यायचं नाही. बोकड धरून ठेवून "अरे सुरी कुठे गेली" हे चालणार नाही.

उजेडातून अंधारात जायला जनावर थांबतं. दारातून आत काळोख दिसत असेल तर आत दिवा लावा, पण त्याचा झोत त्याच्या डोळ्यावर नको. दारात पडलेला पाण्याचा पाट, लोंबणारी साखळी, हलणारं प्लास्टिक, याने पण अडतं. काठीने ढोसण्याआधी खाली वाकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून एकदा तुम्ही स्वतः ती वाट बघा, काय अडवतंय ते लगेच दिसतं.

धरायचं कसं? एक हात हनुवटीखाली, दुसरा पाठीमागे, जनावर भिंतीला टेकवून. शिंग, कान, लोकर, शेपटी, एक पाय, यातलं काहीही धरून ओढायचं नाही. पाय बांधून आधी जमिनीवर आडवं पाडायचं आणि मग स्टनिंग करायचं ही सवय तर ताबडतोब सोडा, उभ्या जनावराचं डोकं धरणं जास्त सोपं आहे आणि ते कमी घाबरतं.

टप्पा ४: बेशुद्ध करणं

*चिमट्याने*

१. चिमट्याची टोकं मिठाच्या पाण्याच्या स्पंजने ओली करा. फक्त टोकं आणि जिथे लागणार ती जागा. बादलीभर पाणी डोक्यावर ओतू नका, टप्पा १ मध्ये का ते सांगितलंय.

२. जागा: डोळा आणि कानाचं मूळ यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना सारखी. उस्मानाबादी बोकडाचे कान लांब आणि लोंबते असतात, तो कान मागे सारा, चिमटा कानावर बसला तर करंट जात नाही. शिंगावर लावायचा नाही, मानेवर लावायचा नाही, मेंदू या दोन टोकांच्या मध्ये आला पाहिजे एवढंच लक्षात ठेवा.

३. आधी घट्ट दाबा, मग बटण. बटण दाबून मग चिमटा टेकवला तर जनावराला शुद्धीत असताना शॉक बसतो, ते उसळतं आणि पुढचं सगळं बिघडतं.

४. २ ते ३ सेकंद, हलू न देता. पहिल्या सेकंदातच मीटर १ अँपियरवर गेलं पाहिजे. माणसाने आकडा मोठ्याने बोलायचा, सवयीने कळतं म्हणून सोडायचं नाही.

सावधान: कमी करंट दिला तर जनावर ताठ होऊन पडतं पण शुद्धीवर असतं. हलता येत नाही, ओरडता येत नाही, सगळं जाणवतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती शांत काम झालं. यापेक्षा वाईट काही नाही, म्हणूनच मी अँपियरवर एवढं अडून बसतो.

*बोल्ट पिस्तुलाने*

बिनशिंगाच्या मेंढीला डोक्याच्या सगळ्यात उंच भागावर, बरोबर मध्यरेषेवर, नेम सरळ खाली घशाकडे. बोकडाला मात्र कपाळावर लावायचं नाही, शिंगांच्या बुडाशी हाड जाड असतं आणि दांडा तिथेच अडतो. त्याला शिंगांच्या मागे, मध्यरेषेवर, नेम हनुवटीच्या दिशेने. कपाळावर मारणं ही पिस्तूल वापरणाऱ्यांची पहिली चूक, आणि बहुतेकांनी ती कुठेतरी मोबाईलवर मोठ्या जनावराचा व्हिडिओ बघून उचललेली असते. पिस्तुलाचं तोंड घट्ट टेकवून मगच चाप ओढा. आवाज नेहमीपेक्षा मऊ, दबका आला तर फटका कमी बसलाय असं समजून लगेच दुसरं साधन उचला.

टप्पा ५: खरंच बेशुद्ध झालंय का

हा टप्पा वाचून सोडू नका, कागदावर लिहून भिंतीला लावा.

चिमटा नीट लागला की बोकड त्याच क्षणी कोसळतो, मान मागे ताठ होते, पुढचे पाय लांब ताणले जातात, मागचे पोटाखाली ओढले जातात, आणि श्वास थांबतो. डोळा उघडा आणि स्थिर. हा ताठर काळ साधारण १० ते २० सेकंदांचा. त्यानंतर पाय झाडायला लागतात, पळतोय असं वाटतं, ते १५ ते ४५ सेकंद चालतं. हे झाडणं फिटचं आहे, शुद्धीचं नाही, याला घाबरायचं नाही. पण तेव्हाही बरगडी हलत नाही. बरगडी ठेक्यात वर-खाली व्हायला लागली म्हणजे जनावर परत यायला लागलंय, आणि हे अगदी अर्ध्या मिनिटातही होऊ शकतं.

माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट सांगतो. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, रांग लागलेली. चिमट्याची टोकं सकाळी घासली नव्हती, मी बघितलं होतं आणि गप्प बसलो होतो. बोकड पडला. मान ताठ झाली नाही, नुसता लोळागोळा होऊन पडला. माझ्या बरोबरचा जुना माणूस म्हणाला, "पडलो ना रे तो, घे वर." मी मागच्या पायात साखळी घालून वर घेतला, आणि उलट्या टांगलेल्या त्या बोकडाने मान वळवून डोकं वर उचललं आणि पापणी मिटली. एकदा. त्याच्या पापणीवर पेंढ्याची एक काडी चिकटलेली होती, ती पापणीबरोबर हलली, तेवढंच मला आजही दिसतं. बेशुद्ध जनावर टांगल्यावर डोकं सरळ खाली लोंबतं, कान-जीभ सैल. डोकं उचलतंय, पाठ कमान करतंय म्हणजे ते शुद्धीवर आहे. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तर बघायच्या खुणा:

चालेल: त्याच क्षणी कोसळणं, ताठ मान, श्वास बंद, स्थिर नजर, नंतर पाय झाडणं.

चालणार नाही: ठेक्यात श्वास, आपोआप पापणी मिटणं, डोळ्याने मागोवा घेणं, ओरडणं, डोकं उचलायचा प्रयत्न. यातली एकही खूण दिसली की सुरी लावायची नाही, परत स्टन करायचं.

बोल्ट पिस्तुलाला अजून एक तपासणी, डोळ्याच्या बुबुळाला बोटाने हलकेच स्पर्श करा, पापणी हलता कामा नये. चिमट्यानंतर फिट चालू असताना डोळ्याची ही स्पर्शाची खूण फसवी असते, तिथे श्वासावरच भर द्या. एकाच खुणेवर निर्णय घेऊ नका.

तपासा: स्टनिंग करणारा एक आणि खुणा बघणारा दुसरा, असं असेल तर उत्तम. एकटाच असेल तर चिमटा काढल्यावर खाली बसा, बरगडीवर नजर ठेवा, तीन आकडे मोजा, मगच सुरी.

टप्पा ६: सुरी आणि रक्त

चिमटा काढल्यापासून १५ सेकंदांच्या आत सुरी लागली पाहिजे. बोकडाला शिंगांमागे पिस्तूल लावलं असेल तरी तेच, १५ सेकंद. म्हणजे टांगून मग कापायचं असेल तर साखळी, हुक, पुली सगळं तयार पाहिजे, आणि तेवढ्यात जमत नसेल तर आधी जमिनीवर किंवा घोडीवर (जनावर आडवं ठेवायच्या स्टँडवर) कापा, मग टांगा. उशीर झाला की दुसरा तोटाही होतो, रक्तदाब वाढलेला असतो आणि मांसात बारीक लाल ठिपके उमटतात, ते गिऱ्हाईक परत आणून दाखवतं.

एका ओढीत, जबड्याच्या मागे, दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या पाहिजेत. एकाच बाजूची कापली गेली तर मेंदूला रक्त मिळत राहतं आणि जनावर शुद्धीवर येऊ शकतं. रक्ताची धार जोरात, भरघोस यायला हवी. ओघळ येतोय म्हणजे एक बाजू राहिली, लगेच परत.

कापल्यावर कमीत कमी ३० सेकंद काहीही करायचं नाही. पाय तोडणं नाही, कातडं सोडवणं नाही, मान मोडणं नाही. गर्दीच्या दिवशी हेच ३० सेकंद चोरले जातात. स्टनिंग न करता कापलं असेल तर जखमेला हात लावायचा नाही, जखमेच्या कडा एकमेकांवर घासू द्यायच्या नाहीत, डोकं मागे आधार देऊन धरायचं, आणि श्वास पूर्ण थांबल्याचं व डोळ्याची हालचाल गेल्याचं बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, त्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लागू देत.

चुकलं तर

घाबरून त्याच जागी तेच परत करू नका. चिमट्याने चुकलं तर एकदा जागा सुधारून लावा, दुसऱ्यांदा पण नाही झालं तर पिस्तूल. पिस्तुलाचा पहिला फटका चुकला असेल तर तिथे सूज येते, दुसरा फटका जरा बाजूला, योग्य नेमाने. जनावर निसटून पळालं तर मागे धावायचं नाही, दार लावायचं, शांत होऊ द्यायचं, एखादी शेळी सोबतीला आणली की ते आपोआप थांबतं. लाईट गेली तर काम थांबलं. आडोशाच्या आत असलेलं जनावर मागे न्यायचं, इन्व्हर्टरवर चिमटा चालवून बघायचा प्रयोग करायचा नाही.

आणि कारण शोधल्याशिवाय पुढचं जनावर घ्यायचं नाही. दहातल्या नऊ वेळा कारण टोकांवरचा थर, ओलं डोकं किंवा दमट काडतूस, या तिघांतलं एक निघतं.

कोंबडीचं थोडक्यात

दुकानात पिशवीसारखी एका पायाला धरून उलटी आणणं, काट्यावर पाय बांधून टाकणं, मान कापून ड्रममध्ये फेकणं, हे इतकं सवयीचं झालंय की कोणाला खटकत नाही. ड्रममध्ये पक्षी एकमेकांवर फडफडत पडतात, पंख मोडतात, मांस काळंनिळं होतं. पत्र्याचं नरसाळं करून घ्या, डोकं खालून बाहेर, पंख आत दाबलेले. कोणताही पत्र्याचं काम करणारा बनवून देतो.

नरसाळ्यात हाताच्या स्टनरने डोक्याला दोन्ही बाजूंनी करंट द्यायचा, ब्रॉयलरला कमीत कमी २४० मिलीअँपियर. मोठ्या प्लांटमध्ये पाण्याच्या टाकीतून नेतात तिथे ५० हर्ट्झला प्रत्येक पक्ष्यामागे १०० मिलीअँपियर आणि कमीत कमी ४ सेकंद. टाकीत एका वेळी दहा पक्षी असतील तर एकूण १ अँपियर लागेल, मीटरवर १०० दिसले म्हणून खूश होऊ नका, तो सगळ्यांत वाटला जातोय. डोकं पंखांच्या मुळापर्यंत पाण्यात जायला हवं, लहान पक्षी वरच्या वर निघून जातात ते वेगळे काढा.

खुणा: मान कमानीसारखी, पंख अंगाला घट्ट, अंगाला बारीक थरथर. श्वास बघायचा तो शेपटीखाली गुदद्वाराजवळ, तिथली कातडी ठेक्यात हलायला लागली म्हणजे पक्षी परत येतोय. लगेच गळ्याच्या दोन्ही बाजू कापायच्या, आणि गरम पाण्यात टाकायच्या आधी कमीत कमी ९० सेकंद रक्त जाऊ द्यायचं. जिवंत पक्षी गरम पाण्यात गेला हे पिसं काढल्यावर लालबुंद कातडीवरून कळतं, असा एक जरी दिसला तरी लाईन थांबवा.

टप्पा ७: माणसं तयार करणं

नवीन पोराला पहिल्या दिवशी जनावराजवळ उभं करू नका. माझी पद्धत अशी आहे. आधी दुकानातून बोकडाचं मुंडकं घेतो, करवतीने मधोमध चिरतो. अर्ध्या भागात मेंदू कुठे आहे, किती लहान आहे, शिंगांखालचं हाड किती जाड आहे, हे पोरं हातात घेऊन बघतात. मग दुसरं अख्खं मुंडकं घेऊन त्यावर मार्करने खूण करायला लावतो, तिथे बारीक ड्रिल मारतो आणि माडाच्या झावळीचा हीर त्यातून आत घालतो, त्यांनी धरलेल्या कोनात. मग ते मुंडकं चिरून बघायचं हीर मेंदूत गेलाय की नाकाकडे. कपाळावर खूण केलेल्याचा हीर बहुतेक वेळा हाडातच अडकतो. तासाभराच्या भाषणाने जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं.

दुसऱ्या दिवशी नुसतं बघायचं. स्टॉपवॉच हातात, २० जनावरं, प्रत्येकाचे चिमटा ते सुरी किती सेकंद ते लिहायचं, श्वास दिसला का ते लिहायचं. तिसऱ्या दिवसापासून धरायला, मग सुरी, आणि चिमटा किंवा पिस्तूल सगळ्यात शेवटी, जुना माणूस शेजारी उभा असताना.

मालकांनी हे करावं: सलग दोन तासांच्या वर एकाच माणसाला स्टनिंगवर ठेवू नका, हात थकला की नेम जातो आणि मनही बधिर होतं. कामावर दारू पिऊन आलेल्याला त्या दिवशी घरी पाठवा, मग तो कितीही कसलेला असो. गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन, हातावरच्या जखमेला पट्टी, हे खर्चात धरा. उंदीर फिरणाऱ्या साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करून लेप्टो झालेली माणसं कोकणात दर पावसाळ्यात असतात. शिकवायला माणूस नसेल तर एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) फॉस्टॅक योजनेत मांस आणि पोल्ट्रीचं प्रशिक्षण मिळतं, आणि हैदराबादला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) मांस संशोधन संस्था आहे तिथेही शिकायला जाता येतं. तुमच्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला विचारा, अर्ज कसा करायचा ते सांगतील.

रजिस्टर

साधी शंभर पानी वही पुरते. रकाने एवढेच: तारीख, जनावर, मीटरवरचा अँपियर किंवा काडतूस, पहिल्यांदा झालं की दुसऱ्यांदा लावावं लागलं, सुरीपर्यंतचे सेकंद, श्वास किंवा पापणी दिसली का, कोणी केलं. दर महिन्याला बेरीज करा. १०० जनावरांमागे ५ पेक्षा जास्त ठिकाणी दुसऱ्यांदा लावावं लागलं असेल तर मी काम थांबवून टप्पा २ पासून सगळं परत तपासतो. आषाढात आणि शिमग्याला हा आकडा चढतो असं तुमच्याही वहीत दिसेल, तेव्हा त्या दिवसांसाठी एक माणूस जास्त घ्या आणि ऑर्डर आदल्या आठवड्यात लिहून घ्यायला सुरुवात करा.